भवानी पेठेतल्या नळावर आमची घरमोटार

सोलापुराहून परतल्याला आता महिना होईल. भेटायला येणारा प्रत्येक जण आधी आमची घरमोटार पाहून घेतो, खाटेवर बसून उसळी मारून बघतो, आणि मग विचारतो, "सोलापुरात काय काय पाहिलंत?" मी सांगते, "एक विहीर, एक नळ आणि लाल सूत." लोकांना वाटतं मी थट्टा करते. म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढायला बसले आहे.

घरमोटार म्हणजे काय ते पहिल्यांदा सांगायला हवं. आमचे हे कालव्यांच्या खात्यात तीस वर्षं ओव्हरसियर होते. कुठल्या शेतकऱ्याला कुठल्या दिवशी किती पाणी सोडायचं, त्या पाळ्या लावण्यात ह्यांचा जन्म गेला. पेन्शनीत निघाल्यावर माणसं काशीला जातात, नाहीतर ओट्यावर बसून रस्त्यावरच्या माणसांच्या चुका काढतात. ह्यांनी एक जुनी लॉरी विकत आणली. कुठल्याशा इंग्रजी मासिकात चित्रं आली होती, की साहेबलोक मोटारीतच बिऱ्हाड थाटून हिंडतात. मुक्कामाच्या मैदानावर नळ असतो, त्याला रबरी नळी जोडली की मोटारीतल्या टाकीत पाणी. ते चित्र ह्यांच्या डोक्यात जे शिरलं ते निघालंच नाही.

सहा महिने आमच्या नाशकातल्या अंगणात सुतार ठोकाठोक करत होता. दोन खाटा झाल्या, एक कपाट झालं, स्टोव्हसाठी पत्र्याचा कोनाडा झाला, आणि मागच्या खाटेखाली चाळीस गॅलनची जस्ती पत्र्याची टाकी बसली. टाकीला वर झाकण, खाली तोटी आणि बाजूला पन्नास फुटी रबरी नळी. नळीच्या टोकाला नळावर आवळायची पितळी कडी ह्यांनी तांबटाच्या डोक्यावर उभं राहून करून घेतली. ती आमच्या अंगणातल्या नळाला फिट्ट बसली. जगातले सगळे नळ आमच्या अंगणातल्या नळासारखे असतात, अशी ह्यांची तेव्हा खात्री होती.

"साहेबाच्या देशात मुक्कामाची मैदानं असतील. इथे कुठे आहेत?" मी विचारलं.

"मैदान असतं, नळ असतो. आणखी काय लागतं तुला?"

माझी तयारी म्हणजे एक वही. प्रवासाला निघालं की लोक देवळं लिहून ठेवतात, मी पाणी लिहून ठेवते. कुठल्या गावाचं पाणी गोड, कुठलं मचूळ, कुठल्या पाण्यात चहा काळा पडतो, कुठल्या पाण्यात डाळ शिजते. हे त्यावर हसतात. "पाणी पाण्यासारखं लागतं, त्यात लिहायचं काय?" म्हणतात. तीस वर्षं पाण्याचा पगार खाल्लेला माणूस हा!

मोडनिंब

नगर, करमाळा मागे टाकून तिसऱ्या दिवशी दुपारी मोडनिंबला पोचलो. मोटारीचं पाणी उकळलं, एकदा चाक पंक्चर झालं, ते सगळं सोडून देते. माघ चालू होता. दोन्ही बाजूंना ज्वारी कमरेच्या वर उभी, मधूनच एखादं बाभळीचं झाड, आणि बाकी सगळं आभाळ. नाशकाकडे नजर कुठेतरी डोंगराला जाऊन टेकते. इथे ती टेकायला जागाच सापडत नाही, त्यामुळे पहिल्या दिवशी मला उगाच चालल्या चालल्या वळून पाहावंसं वाटे.

नळ नव्हताच. ह्यांनी पितळी कडी हातात घेऊन गावभर फेरी मारली आणि शेवटी बादल्यांनी टाकी भरली. मी वरण लावलं. स्टोव्ह दोन तास सूं सूं करत राहिला, आणि डाळ टाकली तशीच तळाशी, दाणा न् दाणा वेगळा. शेजारच्या खळ्यावरची बाई बराच वेळ आमची गंमत बघत होती. अखेर ती भाकऱ्या आणि शेंगांची चटणी घेऊन आली.

"न्हाय शिजायची ती," ती म्हणाली. "हितल्या पान्यात डाळ शिजवाया तुमी देव असाया पायजे की."

"मग तुम्ही काय करता?"

"आमी आडाचं पानी पितो, आन डाळीला वढ्याचं पानी आनतो."

मला ह्याचं फार नवल वाटलं. आमच्याकडे पाणी एकच, गोदामाईचं. इथे पिण्याचं वेगळं, डाळीचं वेगळं. शेंगांची चटणी मात्र अशी होती की मी डाळीचं दुःख विसरले. वहीत लिहिलं, 'मोडनिंब. पिण्यास बरं. डाळ अजिबात नाही.'

बिरू आप्पाची विहीर

दुसऱ्या दिवशी सोलापूर तीन-चार मैलांवर राहिलं असताना मोटार पुन्हा तापली. रस्त्याला लागूनच एक विहीर होती. मोट चालू होती, पाणी थारोळ्यात धबकन पडत होतं आणि तिथून पाटाने कांद्याच्या वाफ्यांत जात होतं. खालच्या अंगाला पन्नासभर मेंढरं बसली होती. मोट हाकणाऱ्या म्हाताऱ्या धनगराचं नाव बिरू आप्पा. त्याने मोटारीकडे पाहिलं, मग आमच्याकडे, मग पुन्हा मोटारीकडे.

"ह्यातच ऱ्हाता व्हय?"

"हो. आत खाटा आहेत, चूल आहे," हे अभिमानाने म्हणाले.

"बरं हाय," आप्पा म्हणाला. "आमी बी चार म्हैनं असंच फिरतो. फकस्त आमचं घर घोड्यावर आसतं."

ह्यांचा चेहरा जरा पडला. साहेबाच्या मासिकातली गोष्ट धनगर पिढ्यान् पिढ्या करत आलेला निघाला!

आप्पाने शेकोटी करून हुरडा भाजला. गरम कणसं तळहातावर चोळून दाणे पुढे करताना त्याचा हात जरासुद्धा भाजत नव्हता, माझे तळवे मात्र लाल झाले. कुणाच्या हातचं खायचं आणि कुणाच्या हातचं नाही ही चौकशी मी नगर ओलांडतानाच सोडून दिली होती. घरी ती पुन्हा धरावी लागणार हे माहीत होतं, म्हणून इथे जास्तच मजा वाटत होती. मी थारोळ्याखाली ओंजळ धरून प्यायले. इतकं हलकं पाणी मी खूप दिवसांत प्यायले नव्हते. तिथेच स्टोव्ह लावला, आणि हे मोटारीच्या नाकात पाणी घालेपर्यंत वरण तयार. वहीत लिहिलं, 'सोलापुराच्या अलीकडे, बिरू आप्पाची विहीर. गोड. डाळ अर्ध्या तासात मेणासारखी.'

भवानी पेठ

सोलापुरात भवानी पेठेच्या टोकाला एक मोकळी जागा होती आणि जागेच्या कडेला सार्वजनिक नळ. हे दोन्ही पाहून ह्यांना जो आनंद झाला तो मुलगा झाला तेव्हाही झाला नव्हता. तिथल्या पंचांना विचारून आम्ही मोटार उभी केली.

समोरच्या गल्लीतून हातमागांची खटखट सकाळपासून येत असे. पहिल्या तासाला डोकं उठतं, दुसऱ्या तासाला ऐकू येणं बंद होतं, आणि दुपारी माग थांबले की काय बिघडलं म्हणून आपण दचकतो. गल्लीत बायका आपसांत तेलुगू बोलत आणि माझ्याशी मराठी. पाण्याला त्या नीळ्ळु म्हणतात. अक्कलकोटकडची एक मेथी विकणारी बाई कानडीत नीरु म्हणाली. मी दोन्ही शब्द वहीत लिहिले.

संध्याकाळी माझी नरसम्माशी ओळख झाली. वय असेल पस्तिशीचं. कोपरापासून खाली तिचे दोन्ही हात तांबूस होते, घासून न जाणारे. नळाजवळच तिच्या घराच्या परसात सूत रंगवायची भट्टी होती. मी काय करता म्हणून विचारलं, आणि तिने ओलं पांढरं सूत पिळता पिळता सगळं सांगितलं. भट्टी तिच्या नवऱ्याची. तो दिवाळीत गेला. तेव्हापासून पेढीवाल्या शिवप्पांचं सूत दुसरीकडे जायला लागलं, कारण बाईच्या हाताला रंग येत नाही असं धंद्यातल्या पुरुषांचं म्हणणं. ती चारदा पेढीवर जाऊन बसली, तेव्हा शिवप्पांनी तिला एकदाच सूत दिलं, आणि सोबत नवऱ्याने रंगवलेल्या शेवटच्या लाल सुताचा चार बोटं नमुना.

"उद्या ऊन हाय तवर येत्यात बगाया," ती म्हणाली. "ह्या रंगाला रंग मिळाला तर भट्टी माजी. न्हाय तर भट्टी फोडायची आन विड्या वळाया जायाचं."

"येतो का तुम्हाला?"

"वीस वरसं त्यांच्या शेजारी हुबी ऱ्हायले की, अम्मा. पन कुनी बगितलं न्हाय, मी हुबी हाय म्हनून."

सूत तिने तेव्हा तुरटीच्या पाण्यातून काढलं होतं. सकाळी ते भरपूर पाण्यात धुवायचं आणि मग रंगात घालायचं, असं तिने समजावलं. तुरटी सुताच्या पोटात राहायला हवी, कारण तीच रंग धरते. अंगावर राहिलेली मात्र निघायला हवी, नाहीतर कुठे गडद कुठे फिकं असे पट्टे उठतात. मी हे सगळं लक्ष देऊन ऐकलं. त्यावेळी नुसतं कुतूहल होतं.

सकाळी उजाडता उजाडता नळापाशी भांड्यांची रांग लागली. घागरी, कळशा, एक चेपलेली बादली, आणि ज्यांना भांडं अडवून ठेवणं परवडत नाही त्यांच्या नावाने नुसते दगड. प्रत्येकीला आपला दगड ओळखू येतो. हे पन्नास फूट नळी खांद्यावर घेऊन थेट नळापाशी गेले.

"ओ दादा, तुमची घागर कुटली?" पहिलीने विचारलं.

"घागर नाही. टाकी आहे, मोटारीत."

"मग रांगेत ठेवा की टाकी."

सगळ्या हसल्या. मी चहाची किटली आणून रांगेच्या शेवटी ठेवली. तेव्हा नवीनच वाद निघाला. नळाचा नियम, एका पाळीला एक भांडं. हे म्हणाले, टाकी हे एकच भांडं आहे. एक आजी म्हणाल्या, तेरा घागरींचं एक भांडं होत असेल तर उद्यापासून मी हौद घेऊन येते. हे पाळ्या लावण्यातले मुरलेले, हा प्रश्न तीस वर्षांत आला नव्हता म्हणून खूश झाले आणि भांडत बसले. शेवटी ठरलं की घागरी सगळ्या भरून झाल्या की मग आम्ही. त्या जागेवर रोज नरसम्मा असते. तिला सगळ्यांत जास्त पाणी लागतं, म्हणून ती आपणहून सगळ्यांच्या मागे थांबते.

आमची किटली आणि तिची घागर शेजारी शेजारी आली तशी ती म्हणाली, "तुमी पावणे. आदी तुमी भरा."

"नको, तुमचं सूत आहे."

"भरा की. किती येळ लागतो?"

ह्यांनी टाकीचं झाकण काढून नेहमीसारखी तुरटीची पूड आत टाकली. बाहेरगावचं पाणी निवळून घ्यायची ही ह्यांची शिस्त. मग कडी नळावर चढवायला गेले, तर ती बसेना. नळाचे आटे जाड, कडीचे बारीक. जिकडून तिकडून कारंजी उडायला लागली. ह्यांचा सदरा भिजला, धोतर भिजलं, बायका पदर तोंडाशी धरून हसायला लागल्या. नरसम्मा घरात गेली आणि तुटक्या सुताचा गुंडा घेऊन आली. नळाच्या आट्यांवरून तिने सूत घट्ट गुंडाळलं, त्यावर कडी दाबून फिरवली, आणि पाणी थेंबभरही बाहेर न येता नळीतून धावायला लागलं. हे थक्क झाले. टाकी भरत आल्याचा आवाज कान लावून ऐकत उभे राहिले. मीही त्यांच्याकडेच बघत होते. त्या चित्रातला साहेब असाच कमरेवर हात ठेवून उभा होता.

टाकी काठोकाठ भरली आणि त्याच क्षणी नळाने एक उसासा टाकला. पाणी गेलं.

मी नरसम्माकडे पाहिलं. तिच्या तीन घागरी रिकाम्या होत्या.

"आज लौकर गेलं," ती हळूच म्हणाली. नळाचं पाणी रोज सकाळी एकदाच येतं, हे आम्हाला तेव्हा कळलं. सूत परसात ओल्या गोणपाटाखाली होतं आणि ऊन वर येत होतं. ते वाळलं की पट्टे उठणार, आणि दुपार कलली की शिवप्पा येणार.

हे मटकन मोटारीच्या पायरीवर बसले. "तीस वर्षांत दुसऱ्याची पाळी कधी मोडली नाही मी," म्हणाले. ह्यांचा आवाज इतका बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता. मग एकदम उठले. "टाकी तुमची. सगळी घ्या!"

खालची तोटी सोडली. नरसम्माने ओंजळीत पाणी धरलं, जिभेच्या टोकाला लावलं आणि थुंकलं.

"तुरटी हाय ह्यात."

"अगदी थोडी. चिमूटभर."

"अम्मा, अंगावरची तुरटी काढाया तुरटीचं पानी?" तिने ओंजळ रिकामी केली. "वद्दु. नको."

बायकांनी आपापल्या घागरी पुढे केल्या. पण त्या घरच्या दिवसभराच्या, आणि सगळ्या ओतल्या तरी सुताचं भागलं नसतं. जवळच्या आडाचं पाणी? खारट. तळ्याचं? तिथे सगळं गाव धुणं धुतं. नरसम्मा प्रत्येक गोष्टीला नुसती मान हलवत होती. मला काही सुचेना, म्हणून मी आत जाऊन वही काढली. रडू येत होतं आणि हाताला काहीतरी हवं होतं. पानं उलटता उलटता एका ओळीवर थांबले.

"नरसम्मा, तीन-चार मैलांवर एक विहीर आहे. पाणी गोड आहे."

"गोड म्हनजे?" ती म्हणाली. "गोड तर सगळीच म्हनत्यात." मग माझ्याकडे रोखून पाहत तिने विचारलं, "डाळ शिजली?"

"अर्ध्या तासात. मेणासारखी."

ती उठली. "मग गाडी काडा. तुमच्या घराला चाकं हायत न्हवं? पानी हितं येत न्हाय तर सूत तितं नेऊ."

पुन्हा विहिरीवर

आधी टाकी रिकामी करायची होती. बायकांनी दगडांची रांग उचलून मोटारीच्या तोटीपाशी लावली आणि तुरटीचं पाणी घरोघर नेलं. प्यायला ते चांगलंच होतं. त्या आजी कळशी भरताना म्हणाल्या, "एका पाळीला एक भांडं हं, दादा." ह्यांनी मुकाट्याने मान डोलावली.

ह्याच मोटारीत मला ओल्या पायांनी चढायची बंदी होती. आता ह्यांनी स्वतः गाद्या उचलून बाहेर टाकल्या आणि पिळलेल्या सुताच्या लडी खाटांच्या दांड्यांवर टांगल्या. सगळ्या घरभर पाणी ठिबकत होतं. नरसम्मा मोटारीत पहिल्यांदाच बसत होती, पण तिला भीती वाटायला फुरसत नव्हती. सबंध रस्ता ती लडींवर पाणी शिंपडत उभी होती.

बिरू आप्पाने सगळं ऐकून घेतलं.

"रंग न्हाय ना ह्यात? माजी मेंढरं लाल झाली तर एकमेकाला वळखायची न्हाईत."

"रंग न्हाय, आप्पा. नुसती तुरटी," नरसम्मा म्हणाली.

"मग वापरा की. कांद्याचं दारं मोडून पाट पडिकात घालतो." त्याने फावड्याच्या दोन घावांत पाट वळवला आणि बैलांना हाळी दिली.

नरसम्मा थारोळ्याशी गेली. ओंजळ भरली, जीभ लावली. आम्ही दोघं तिच्या तोंडाकडे बघत उभे. ते पाणी तिने थुंकलं नाही, गिळलं, आणि आणखी एक ओंजळ प्यायली. मग कासोटा मारून पाटात उतरली. मीही उतरले. वाहत्या पाण्यात लडी धरायची, हलवायची, पलटायची, पुन्हा धरायची. माझ्या हातून एक लडी गुंतली तेव्हा ती खेकसली, "अम्मा, पीळ देऊ नका!" आणि मग जीभ चावली. मला मुळीच राग आला नाही. घरी मला असं कुणी रागावत नाही, आणि काम शिकवतही नाही.

रंगाच्या कढईलाही पाणी लागणार होतं. हे विहिरीभोवती एक चक्कर मारून आले, एक डोळा मिटून थारोळं पाहिलं, रस्ता पाहिला, आणि मोटार मागे घेत घेत नेमकी उतारावर उभी केली. पितळी कडी इथे कशालाच बसणार नव्हती. ह्यांनी ती नळीसकट थारोळ्याच्या भोकात घातली, भोवती ओलं गोणपाट आणि चिखल चोपला. टाकीत पाणी पडायला लागलं. तुरटीचा डबा ह्यांनी माझ्याकडे देऊन टाकला, "हा दूर ठेव" म्हणून.

"चांगलं वळखता की पान्याचा उतार," आप्पा म्हणाला. कालव्याच्या साहेबाने दिलेल्या सर्टिफिकिटापेक्षा ह्यांना ते जास्त आवडलं असावं. ते मला दोन दिवसांत तीनदा सांगून झालं.

शिवप्पा

परतल्यावर नरसम्माने भट्टी पेटवली. कढईत आमच्या टाकीचं पाणी, त्यात तिची लाल पूड आणि मापून थोडी चुन्याची निवळी.

"चुना माज्या मापाचा मी घालनार," ती म्हणाली. "डाळ शिजत न्हाय त्या पान्यात चुना आदीच आसतो. पान्यानं आपल्या मनाचा घालू नये."

मग ती कढईपाशी उभी राहिली. कापसाच्या पऱ्हाट्या एकेक करून जाळात सारायची, काठीने लडी वरखाली करायची. सूत आधी विटकरी झालं, मला वाटलं संपलं सगळं. तिच्या तोंडावर काहीच नव्हतं. कढई तापत गेली तसा तो विटकरी रंग आतून लाल होत गेला, इतका सावकाश की कधी झाला ते मी डोळे लावून बसूनही सांगू शकत नाही. उरलेल्या पाण्यात मी वरण लावलं. नरसम्माने उभ्या उभ्या, डावा हात काठीवर ठेवून, भात-वरण खाल्लं आणि डाळ बोटांत चिरडून बघितली. साबणाच्या पाण्यातून काढलेलं सूत परसात सावलीला वाळत पडलं, तेव्हा गल्लीतल्या बायका एकेक करून भिंतीशी येऊन बसल्या होत्या.

उन्हं तिरपी झाली तसे शिवप्पा आले. उंच, कपाळाला विभूती, खिशात चष्मा. आल्या आल्या त्यांनी लड हातात घेतली, दोन्ही हातांनी ताणली, आतली बाजू बाहेर केली. पट्टा नव्हता. मग नरसम्माकडून नमुना मागून घेतला, लड उन्हात खुंटीवर टांगली, आणि नमुन्याचा तो चार बोटं तुकडा तिच्यावर मधोमध ठेवला. चष्मा धुरकटला होता. तो धोतराच्या सोग्याने पुसला, नाकावर चढवला, आणि वाकून पाहायला लागले.

बराच वेळ वाकलेलेच राहिले. एका बाजूने पाहिलं, दुसऱ्या बाजूने पाहिलं. बोट लडीवर ठेवून वरपासून खालपर्यंत नेलं. मग खाली जमिनीवर पाहिलं.

"नमुना कुटं गेला?" शिवप्पा म्हणाले. "आत्ताच हितं ठेवला की मी."

नरसम्मा पुढे झाली. न बघताच तिने लडीवरून तळहात फिरवला आणि एका जागी थांबून तो तुकडा अलगद उचलला.

"हा बगा. त्यांच्या हातचा. लई दिस वागवलाय, मऊ लागतो."

शिवप्पांनी तो घेतला नाही. चष्मा काढून खिशात ठेवला.

"ऱ्हाऊ दे तुज्यापाशी," ते म्हणाले. "फुडच्या मालाला नमुना लागायचा न्हाय." आणि जाता जाता, "सोमवारी मानूस धाडतो सूत घिऊन."

ते वळणावरून दिसेनासे झाले तेव्हा नरसम्मा खाली बसली आणि तोंडात पदर घालून रडली. मीही रडले. हे मोटारीच्या मागे जाऊन नळीची गुंडाळी करत होते, ती त्यांनी दोनदा सोडून पुन्हा केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमची किटली रांगेत नरसम्माच्या घागरीमागे होती. तिचं सगळं भरून झाल्यावर अर्धी टाकी मिळाली, ती आम्हाला पुष्कळ होती. निघताना ह्यांनी नळावरून कडी सोडवली, तशी नरसम्माने कडीतलं जुनं पांढरं सूत काढून टाकलं आणि कालच्या लडीतलं लाल सूत गुंडाळून दिलं.

"पाणी लाल होईल ना," हे म्हणाले.

"झालं तर मला पत्र धाडा," नरसम्मा म्हणाली.

ती कडी आता आमच्या अंगणातल्या नळावर कायमची बसली आहे. घरमोटार उभी असते, पण हे कडी काढू देत नाहीत. रोज सकाळी पहिली घागर भरताना मी आधी पांढऱ्या वाटीत थोडं पाणी धरून उजेडात बघते. पत्र धाडायची वेळ अजून आलेली नाही.